डेस्कटॉपला वायफाय कशाला?

"डेस्कटॉप वायफायला जोडायचाय. डाँगल घेऊ की कार्ड?" महिन्यातून एकदा तरी कोणीतरी मला हे विचारतंच. ऑफिसात, लिफ्टमध्ये, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, हातात मठ्ठ्याचा ग्लास असताना. माझं उत्तर ठरलेलं आहे. दोन्ही नको, वायर टाका.

समोरच्याचा चेहरा पडतो. सॉफ्टवेअरवाला म्हणून विचारलं आणि हा आजोबांच्या काळातलं काहीतरी सांगतोय! गेल्या वर्षीपर्यंत माझाही चेहरा असाच पडला असता, म्हणून राग येत नाही.

तर झालं असं. आमची आई डोंबिवलीत आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्लास ऑनलाइन गेला आणि काही मुलं नंतरही ऑनलाइनच राहिली. डेस्कटॉप आतल्या खोलीत, कारण तिथे शांतता. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या वर, कारण नेटवाल्याला तिथेच सोयीचं पडलं. मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. मी पुण्यात. फोनवर आई म्हणायची, "नेट चांगलं आहे रे, शंभरचा प्लॅन आहे. मीच काहीतरी चुकीचं दाबते." आणि एक दिवस म्हणाली, "जूनपासून क्लास बंद करावा म्हणते. मुलं म्हणतात टीचर, तुमचा आवाज तुटतो. मला नाही जमत आता हे."

अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलेली बाई आणि 'मला नाही जमत'? शनिवारी सकाळी डोंबिवलीला पोचलो.

स्पीड टेस्ट लावली तर ३५-४० एमबीपीएस. व्हिडिओ कॉलला भरपूर झालं. इथेच सगळे फसतात. स्पीड टेस्ट सरासरी सांगते आणि आवाजाला सरासरीशी देणंघेणं नसतं, त्याला प्रत्येक पॅकेट वेळेवर हवं असतं. म्हणून तुम्हीही स्पीड टेस्ट सोडा. कमांड प्रॉम्प्ट उघडून आपल्याच राउटरला पाच मिनिटं पिंग करा (पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१). आमच्याकडे आकडे असे: ३, ४, ३, ५, ३१०, रिक्वेस्ट टाइम्ड आउट. इंटरनेट राहिलं दूर, घरातल्या घरातच आवाज तुटत होता.

कारण साधं आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यात शेजारीपाजारीही आले. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. आईच्या टेबलावरून मला १९ नेटवर्क दिसत होती. संध्याकाळी सात वाजता, म्हणजे क्लासच्याच वेळी, अख्खी बिल्डिंग घरी. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेगही जास्त, पण भिंती ओलांडताना तो आणखी दमतो.

तरी पहिले दोन वीकेंड मी वायर टाळलीच. डाँगल कॅबिनेटच्या मागे होतं, शेजारीच यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात येतो, इंटेलने २०१२ मध्येच त्यावर पेपर काढला आहे. डाँगल एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणलं आणि निम्मा त्रास गेला. (तुमच्याकडे डाँगल असेल तर हे आजच करा.) मग कार्ड घेतलं. त्याचे दोन्ही अँटेना पुन्हा पत्र्याच्या डब्यामागे, भिंतीकडे तोंड करून! वायरवाला वेगळा अँटेना लावल्यावर आणखी बरं झालं. पण सात वाजले की पिंग परत दोनशे.

तिसऱ्या वीकेंडला पंधरा मीटर कॅट ६ केबल आणली. आता खरा अडथळा, म्हणजे बाबा. "रंग काढून वर्ष झालं नाही, भोक पाडू देणार नाही." शेवटी जुन्या लँडलाइनचं भोक सापडलं. त्यातून प्लग जाईना, म्हणून एक टोक कापून मी स्वतः क्रिम्प केलं. आठातल्या दोन तारा नीट बसल्या नाहीत, त्यामुळे गिगाबिटऐवजी १०० वरच चालतंय. अजून तसंच आहे. क्लासला तेवढंही लागत नाही. पिंग? एक मिलिसेकंदाच्या आत, ओळीने, सात वाजतासुद्धा.

भाड्याच्या घरात हे कसं करायचं? चपटी केबल दाराच्या फटीतून जाते. तेही शक्य नसेल तर मेशचं एक युनिट किंवा क्लायंट मोड असलेला जुना राउटर टेबलावर उघड्यावर ठेवा आणि तिथून डेस्कटॉपला छोटी वायर जोडा. मग कार्ड, आणि डाँगल सगळ्यात शेवटी. स्वस्तातला रिपीटर मात्र नको. त्याच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच रेडिओवर परत सांगायचं, म्हणजे वेग निम्मा.

फोन घरभर फिरतो, त्याला वायफाय द्या. आईचा डेस्कटॉप २०१६ पासून टेबलावरून हललेला नाही. त्याला हवेतून नेट द्यायचा हट्ट आपण का धरतो? वायर दिसते म्हणून? आम्हा इंजिनियर लोकांना तर तिची थोडी लाजच वाटते. तीन वीकेंड आणि डाँगल-कार्डाचे पैसे मी त्या लाजेपायीच घालवले.

असो. जूनमध्ये क्लास सुरू झाला. परवा आई फोनवर खुशीत होती. गणित विचारलं की "टीचर, आवाज येत नाहीये" म्हणणारी दोन मुलं होती म्हणे. आता त्यांची पंचाईत झाली आहे. :-)