गाठीला सुई लावू द्यावी का?



वेणी घालताना लेकीच्या मानेला गाठ लागली, की काळजात धस्स होतं. घरात कुणी म्हणतं शेक द्या, कुणी लेप सुचवतं. दात किडला, घसा धरला किंवा डोक्यात फोड झाले, तर अशा गाठी येतात आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. पण महिना झाला तरी गाठ तशीच आहे, वाढते आहे, टणक लागते किंवा सोबत ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं आहे, तर लेप पुरे, डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टर बहुधा 'एफएनएसी' करायला सांगतील. नाव मोठं, काम थोडं. नेहमीच्या इंजेक्शनसारखीच बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढून घेतात, काचपट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. टाका नाही, वण नाही. भूल बहुधा लागत नाही. "सुई लावली की गाठ पसरते," या धाकाने पुष्कळ आया तपासणी टाळतात. तसं होणं अतिशय विरळ. उशिरानं होणारं नुकसान मात्र खरं.

आपल्याकडे मुलांच्या मानेतल्या रेंगाळलेल्या गाठीत क्षयाचं प्रमाण बरंच असतं. सुईनं काढलेल्या द्रवातून क्षयाचे जंतूही तपासता येतात. गंडमाळ निघाली तरी लपवू नका. साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी ती बरी होते आणि सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात.

वयात आलेल्या मुलीच्या छातीत गाठ लागली, तर ती बहुतेक वेळा साधी असते. तिथे आधी सोनोग्राफी होते, गरज वाटली तरच सुई. लाजेपायी तिनं सांगायचं राहू नये, एवढं आपण पाहावं.

एक ध्यानात ठेवा. या तपासणीत कधी पेशी कमी येतात, कधी निदान पक्कं होत नाही. रिपोर्ट चांगला आला तरी गाठ वाढतच असेल, तर पुन्हा जा. रक्तपेशींच्या गाठीचा संशय असेल, तर डॉक्टर पूर्ण गाठ काढून तपासतात. निदानाआधी मनानंच स्टेरॉइडची औषधं देऊ नका. त्यानं खरा आजार झाकला जातो.

मुलाला रक्त लवकर न थांबण्याचा त्रास असेल, तर आधीच सांगा. आणि "काही दुखणार नाही" असं खोटं सांगू नका. "मुंगी चावल्यासारखं होईल, मी हात धरते," म्हणा. मूल आईच्या चेहऱ्याकडे बघतं. तो शांत असला, की निम्मं काम झालं.