मोटार कुणाच्या मालकीची?

विजेवर चालणाऱ्या मोटारीतील संगणक बिघडला तर तो दुरुस्त करावा की नवा, अधिक शक्तिमान संगणक बसवून घ्यावा, हा प्रश्न आमच्या कार्यकर्त्यांना श्रीमंतांच्या चोचल्यांपैकी वाटेल. तसा तो नाही.

अमेरिकेतील टेस्ला कंपनीने २०१८ च्या आरंभापर्यंत बनविलेल्या मॉडेल एस व मॉडेल एक्स मोटारींचे उदाहरण घ्या. मधल्या पडद्यामागील संगणकात ८ गिगाबाइट क्षमतेची स्मृती-चिप जडविलेली होती. अशा चिपवर किती वेळा लिहावे आणि पुसावे याला मर्यादा असते, आणि मोटार तर सतत आपल्याच नोंदी तिच्यावर खरडत होती. काही वर्षांत चिप झिजून निकामी होई व पडदा काळा पडे. मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा बंद, काचेवरील धुके घालविण्याची सोय बंद. मोटर धड, बॅटरी धड, आणि नखाएवढ्या तुकड्यापायी गाडी अडलेली!

यावर कंपनीने २०२० मध्ये २,५०० डॉलरांत नवा संगणक देऊ केला. त्यात आरंभी रेडिओसुद्धा गमवावा लागे. (पैसे मोजून उणे घेण्याला 'सुधारणा' म्हणणारी भाषा आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात तरी कधी शिकविली नाही.) वास्तविक स्वतंत्र कारागीर तेवढीच चिप उकलून मोठी चिप डाखीत होते, तेही या रकमेच्या अंशात. सरकारी चौकशी लागल्यावर कंपनीने हमीची मुदत वाढविली. जानेवारी २०२१ मध्ये महामार्ग सुरक्षा प्रशासनाने मोटारी परत बोलावण्यास सांगितले, तेव्हा कंपनीने सुमारे १ लाख ३५ हजार गाड्यांत ६४ गिगाबाइटची चिप फुकट बसविण्याचे मान्य केले. मात्र हा दोष असल्याचे तिने कबूल केले नाही. मोटारीच्या आयुष्याइतका टिकणारा भाग बनविणे आर्थिकदृष्ट्या शक्य नाही, असा तिचा युक्तिवाद होता. आर्थिकदृष्ट्या, पण कोणाच्या?

मार्क्सने यंत्राची भौतिक झीज आणि 'नैतिक' झीज यांत भेद केला. पहिली वापराने होते, दुसरी अधिक चांगले यंत्र बाजारात आल्याने. येथे पहिल्या झिजेवरचा उपाय म्हणून दुसरीवरचा माल विकला गेला. नवा संगणक जलद आहे, हे मी नाकारीत नाही. हौस असेल त्याने तो अवश्य घ्यावा. पण ज्याला केवळ गाडी चालवावयाची आहे त्याने चिप बदलावी आणि पैसे राखावेत. ही निवड त्याला करता आली पाहिजे, आणि ती करून देणारा कारागीर जगला पाहिजे.

टेस्लाचे दालन जुलै २०२५ मध्ये मुंबईत उघडले, म्हणून मी हे लिहीत नाही. उद्या हेच कुलूप ई-रिक्षाला आणि ट्रॅक्टरला लागेल. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले. माहिती देणे आणि हक्क देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुटे भाग, जोडणीचे नकाशे आणि आज्ञावलीच्या किल्ल्या रास्त दरात कोणाही कारागिराला देण्याची सक्ती कायद्याने झाली पाहिजे. कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या गॅरेजात जाऊन मिस्त्रींना विचारावे, कोणती गाडी त्यांना आज उघडताच येत नाही. मागणीपत्राचा मसुदा तेथूनच सुरू करावा.