पिचरच्या पुढ्यात जाळी का नाही?

मुलींनी मैदानावर यावं म्हणून आपण संघटनांनी भाषणं केली, ठराव केले, पालकांच्या सभा घेतल्या. मुली आल्या. आल्यावर त्या कुठल्या परिस्थितीत खेळतात हे बघायला मात्र आपल्यातल्या फारशा कुणी गेल्या नाहीत. काही मैत्रिणी म्हणतील, हिंसाचार, पाणी, रेशन एवढे प्रश्न पडलेले असताना हे खेळाचं काय मध्येच? पण नववीतल्या मुलीच्या तोंडावर कडक चेंडू बसतो आणि ‘खेळात असं व्हायचंच’ म्हणून तो विषय तिथेच संपवला जातो, तेव्हा तो आपला प्रश्न नाही तर कुणाचा?

मी सॉफ्टबॉलबद्दल बोलते आहे. शालेय स्पर्धांमुळे हा खेळ महाराष्ट्रातल्या लहान गावांतल्या मुलींपर्यंतही पोचला आहे. दहावी-बारावीचे क्रीडागुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंसाठीचं 5 टक्के आरक्षण, यामुळे गरीब घरातली मुलगीही घरच्यांशी भांडून सरावाला येते. जिल्ह्याच्या स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात सुरू होतात. मैदानात चिखल, म्हणून सराव शाळेच्या सभागृहात, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये हलतो. तिथे एक मुलगी चेंडू टाकत राहते आणि बाकीच्या ओळीनं येऊन तो पूर्ण ताकदीनं टोलवतात. टाकणारीला पिचर म्हणतात. तिच्या पुढ्यात बहुतेक ठिकाणी काहीही नसतं.

नावातल्या ‘सॉफ्ट’ला कुणी फसू नये. 1887 साली शिकागोत हा खेळ जन्मला तो बंद जागेतच, आणि पहिल्या दिवशी चेंडू म्हणून मुष्टियुद्धाचा हातमोजा गुंडाळून बांधला होता. पुढे खेळ मैदानावर गेला, चेंडू लहान आणि कडक झाला. आजचा 12 इंच परिघाचा चेंडू 180 ते 200 ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे बायकांच्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही जड. मऊ चेंडूचा खेळ आपण बाहेर काढला आणि कडक चेंडू घेऊन पुन्हा खोलीत शिरलो.

आता अंतराचं बघा. बायकांच्या खेळात पिचर 43 फुटांवरून, म्हणजे साधारण 13.1 मीटरवरून चेंडू टाकते. टाकताना ती लांब पाऊल पुढे घेते, त्यामुळे चेंडू सुटतो तेव्हा ती बॅटपासून जेमतेम 11 मीटरवर असते. ताशी 100 किलोमीटरनं परतलेला चेंडू हे अंतर 0.4 सेकंदात कापतो. त्या क्षणी तिचा टाकणारा हात कमरेजवळ, ग्लोव्ह खाली आणि तोल पुढे गेलेला असतो. बॅडमिंटनचं अख्खं कोर्ट 13.4 मीटरचं. मागे कॅचर बसवायची, बॅट फिरवायला जागा सोडायची, तर लहान हॉलमध्ये पूर्ण अंतर मावतच नाही. मग पिचरला पुढे सरकवतात. वर अंधूक ट्यूबलाइट, गुळगुळीत फरशीवर वेग न गमावता येणारा चेंडू, भिंतीवर आपटून मागून येणारा चेंडू, आणि आवाज एवढा घुमतो की ‘सांभाळ’ म्हणून ओरडलेलं कळत नाही.

त्यातही सामन्यापेक्षा हा सराव जास्त धोक्याचा आहे. सामन्यात पिचर बॅटरला चकवायला बघते, चेंडू कडेला टाकते, वेग बदलते. सरावात तिला सांगितलं जातं, ‘मारता येईल असा सरळ टाक.’ आणि बॅटरला शिकवलं जातं की आला तसा सरळ परत मार, तोच चांगला फटका. म्हणजे फटका जितका अचूक, तितका तो चेंडू टाकणारीच्या अंगावर. संघात पिचर एक नाहीतर दोन. पंधराजणींना दहा-दहा चेंडू टाकले तर दीडशे होतात, आणि शेवटच्या पन्नासांत हात आणि डोळे दोन्ही थकलेले असतात. खालून टाकायचं तर त्यात काय श्रम, असं म्हणणाऱ्यांनी एकदा टाकून बघावं.

कॅचरला मास्क आहे, छातीला पॅड आहे, पायाला गार्ड आहेत. बॅटरला हेल्मेट आहे. म्हणजे चेंडूनं इजा होते हे या खेळाला पुरतं ठाऊक आहे. पिचरच्या हातात फक्त ग्लोव्ह.

आमच्या किशोरी गटातल्या एका मुलीचे पुढचे दोन दात असेच गेले. सर म्हणाले, ‘लक्ष नव्हतं तिचं.’ शाळेत या अपघाताची कुठे नोंद नाही. दाताच्या खर्चासाठी आईनं बचतगटातून कर्ज उचललं. आई मला म्हणाली, “ताई, नाक वाकडं झालं असतं तर हिला कुणी केली असती?” मी त्या माउलीला दोष देत नाही, मुलीचा चेहरा म्हणजे लग्नाच्या बाजारातलं भांडवल, हे तिला तिच्या आयुष्यानं शिकवलंय. मुलीचं खेळणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी राहिली. पुढ्यात जाळी नव्हतीच.

आपल्याकडे बाईच्या सुरक्षिततेचा अर्थ नेहमी असाच लावला जातो. रस्ता धोक्याचा, तर बाईनं घरी बसावं. हॉल धोक्याचा, तर मुलीनं खेळ सोडावा. रस्त्यावर दिवा लावायचा, हॉलमध्ये जाळी लावायची, हे कुणाला सुचत नाही, कारण त्याला कुणाला तरी खर्च करावा लागतो, कुणाला तरी जबाबदार धरावं लागतं. आणि मुलगी स्वतः बोलत नाही, कारण संघात कोण राहणार ते सरांच्या हातात. 2023 साली जंतरमंतरवर बसलेल्या महिला कुस्तीगिरांना, पदकं जिंकलेल्या बायकांना, आपलं ऐकून घ्यायला रस्त्यावर यावं लागलं. नववीतली पोर काय बोलणार? मास्क मागितला तर ‘भित्री’ ठरते.

जाळी म्हणजे काही परदेशी नवलाई नव्हे. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची पाइपाची चौकट आणि तिला नायलॉनची जाळी. कुठल्याही तालुक्याच्या गावी वेल्डिंगवाला करून देतो. मात्र त्याला नीट सांगायला हवं. बेसबॉलच्या जाळीतली मोकळी जागा खांद्याच्या उंचीवर असते; सॉफ्टबॉलचा चेंडू कमरेजवळून सुटतो, म्हणून ती खाली हवी. टाकल्याबरोबर पिचरनं जाळीच्या आड व्हायचं, हे अंगवळणी पडेपर्यंत शिकवायला हवं. जाळी चेहऱ्याला लागून नको, नाहीतर चेंडू जाळीसकट तोंडावर येतो. उंदरांनी कुरतडलेली, उन्हानं कुजलेली जाळी नसलेल्या जाळीपेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर मुलगी निर्धास्त उभी राहते. जाळी असली तरी चेहऱ्याला मास्क हवाच. आणि डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही. तोंडावर पाणी मारून उभं करणं बंद व्हायला हवं.

जाळी येईपर्यंत सराव थांबवायचीही गरज नाही. स्टँडवर चेंडू ठेवून मारता येतो. पिचरनं टाकायचाच असेल तर हॉलमध्ये स्पंजचा चेंडू वापरावा.

येत्या पावसाळ्यात प्रत्येक गटातल्या दोघींनी आपल्या भागातल्या शाळेत, सराव चालू असताना जावं. मुख्याध्यापकांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: जाळी आहे का, अपघाताची वही आहे का, मुलगी जखमी झाली तर उपचाराचा खर्च कोण देणार. उत्तरही लेखी मागावं. पालक-शिक्षक संघात हा विषय आयांनी काढावा, आपण सोबत बसावं. आणि हॉलमध्ये जाळी उभी राहत नाही तोवर तिथला कडक चेंडू पिशवीतून बाहेर निघणार नाही, एवढं त्याच दिवशी सरांकडून कबूल करून घ्यावं.