बंडखोरांची गुणपत्रिका

जगातला सर्वांत थोर पंक बँड कोणता, या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या याद्यांचे पीक हल्ली बारमाही झाले आहे. कुणी दहा नावे देतो, कुणी शंभर. कुणी खपाचा आकडा पाहतो, कुणी पंच नेमतो. आमच्या शाळेतल्या वरच्या वर्गातली दोनचार मुलेसुद्धा ही नावे पाढ्यांसारखी घडाघडा म्हणतात. रामोन्स पहिले, क्लॅश दुसरे, सेक्स पिस्टल्स तिसरे! त्यातल्या एकाने तर मला बिनतोड सवाल टाकला, "सर, ग्रीन डेचा खप या तिघांपेक्षा जास्त, मग ते खाली कसे?"

वाद कोण वर नि कोण खाली याचा नाहीच. या संगीताला नंबर लावणे हीच मुळात विपरीत गोष्ट आहे, आणि ती करणारी मंडळी ज्याचे कौतुक करायला निघाली आहेत त्याचाच गळा दाबीत आहेत, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या वडीलधाऱ्या वाचकांसाठी हे पंक प्रकरण काय ते आधी सांगायला हवे. १९७० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतले रॉक संगीत फार श्रीमंत होऊन बसले होते. एकेक गाणे पंधरा-पंधरा मिनिटांचे, वाद्यांचे ढीग, प्रचंड मैदाने, आणि गाणारा इतका दूर की मुंगीएवढा दिसावा. साध्या घरच्या पोराने ते ऐकावे, हात जोडावे आणि घरी जावे. १९७४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या चार पोरांनी हा देव्हारा लाथाडला. दोन मिनिटांचे गाणे, गिटारवर मोजके तीनचार कॉर्ड, आणि धाड धाड वेग! हेच रामोन्स. १९७६ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत कारभार आटोपलेला, खर्च सुमारे ६,४०० डॉलर. लगोलग इंग्लंडात तीच हवा पसरली. तिथल्या एका हाताने काढलेल्या पत्रिकेने तर तीन कॉर्डच्या आकृत्या छापल्या आणि वाचकाला सांगितले की एवढे पुरे, आता स्वतःचा बँड काढ.

साऱ्या प्रकरणाचे मर्म या तीन आकृत्यांत आहे. गाणारा आणि ऐकणारा यांच्यामधला उंच ओटा पाडून टाकायचा, एवढीच ती प्रतिज्ञा होती. ती आवाज फार करी, कपडे विचित्र घाली, तोंडाने शिवराळ होती, हे सारे कबूल. मला स्वतःला त्यातली निम्मी गाणी दोनदा ऐकवत नाहीत. पण प्रतिज्ञा खरी होती. आता ज्यांनी ओटा पाडला त्यांनाच उचलून आणखी उंच ओट्यावर बसवायचे, आणि खाली उभ्या पोरांना म्हणायचे, हा पहिला, हा दुसरा, तुम्ही टाळ्या वाजवा! याला कौतुक म्हणायचे की सूड?

बरे, हे नंबर कसे लागतात ते तरी पाहा. १९७७ साली इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू होता. त्याच मुहूर्तावर सेक्स पिस्टल्सने 'गॉड सेव्ह द क्वीन' ही तबकडी बाजारात आणली. नाव राष्ट्रगीताचे, मजकूर मात्र राणीची नि राज्याची निर्भर्त्सना करणारा. बीबीसीने ती वाजवण्यास बंदी केली, कित्येक दुकानदारांनी ती ठेवली नाही. तरी ती धडाधड खपली. महोत्सवाच्या आठवड्यात अधिकृत यादीत तिला दुसरा क्रमांक मिळाला, पहिल्यावर रॉड स्ट्यूअर्ट. एका संगीत साप्ताहिकाच्या यादीत मात्र तीच पहिली होती. अधिकृत यादीत हात घातला गेला, असा संशय आजही बोलून दाखवला जातो. त्याचे काय असेल ते असो. मला खरी गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. काही दुकानांत टांगलेल्या यादीत त्या क्रमांकापुढे नाव छापलेच नव्हते. नुसती कोरी ओळ! लोकप्रियतेचे माप म्हणून जिच्यावर श्रद्धा ठेवायची, ती यादी नकोसे नाव आले की आंधळी होते.

खपाचा न्याय लावायचा तर रामोन्सची ती पहिली ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या यादीत १११ व्या क्रमांकापलीकडे चढलीच नाही. पाच लाख प्रतींचा टप्पा गाठल्याबद्दलचे सुवर्णपदक तिला मिळाले ते २०१४ साली, अडतीस वर्षांनी. तोवर जोई, डी डी, जॉनी हे तिघे वारले होते, आणि चौथा टॉमी त्याच वर्षी गेला. क्लॅशचे तर आणखी मजेदार. ब्रिटनच्या यादीत त्यांचे एकच गाणे पहिल्या क्रमांकावर पोचले, तेही १९९१ मध्ये, बँड मोडून पाच वर्षे झाल्यावर. कारण काय, तर विजारीच्या एका जाहिरातीत ते वाजवले गेले! म्हणजे पहिला नंबर खरोखर बँडचा की विजारीचा?

'खप म्हणजे गुण नव्हे, म्हणून तर आम्ही जाणकारांना विचारतो,' असे यावर मासिकवाले म्हणतील. ठीक आहे. जाणकारांचे पाहू. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन मासिकाच्या पाचशे श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांच्या यादीत रामोन्सच्या त्याच पहिल्या कृतीला २०१२ साली ३३ वा क्रमांक होता. २०२० साली तो ४७ वा झाला. मध्यंतरी त्या चौदा गाण्यांपैकी कोणते बेसूर झाले? तबकडी तीच, सूर तेच. बदलले ते मत देणारे. याच मासिकाने क्लॅशच्या 'लंडन कॉलिंग'ला १९८० च्या दशकातली सर्वश्रेष्ठ कृती ठरवले. ती लंडनमध्ये निघाली होती १९७९ च्या डिसेंबरात. अमेरिकेत ती जानेवारीत पोचली, म्हणून दशक बदलले!

मी मास्तर आहे. वर्षातून दोनदा नंबर काढणे हे माझ्या पोटापाण्याचे काम. म्हणूनच सांगतो, शुद्धलेखनाला नंबर देता येतो, गणिताला देता येतो. पण वर्गातल्या पोराने पहिल्यांदा धीर करून काही स्वतःचे म्हटले, त्याला किती गुण द्यायचे हे कोणत्याच परिपत्रकात लिहिलेले नसते.

नंबरबाजीच्या विरुद्ध टोकाला सोवळे पाळणारे आहेत. लोकप्रिय झाला तो बाटला, हे त्यांचे शास्त्र. कॅलिफोर्नियात बर्कली येथे गिलमन रस्त्यावर पोरांनी चालवलेली एक जागा आहे. मोठ्या कंपनीशी करार करील त्या बँडने तिथे वाजवायचे नाही, असा तिचा नियम होता. ग्रीन डेची मुले तिथेच वाढली, आणि मोठ्या कंपनीकडे गेल्याबरोबर त्यांना दार बंद झाले. १९९४ च्या त्यांच्या 'डूकी'च्या एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रती गेल्या. पोरांची जागा पोरांच्या हातात राहावी, ही तळमळ मी समजू शकतो. पण जगभर पसरलेल्या सोवळ्यांच्या वह्यांत जे लिहिले जाते, 'हा खरा, हा खोटा, हा निम्मा खोटा', ती पण क्रमवारीच! फक्त खालून वर मोजलेली. कुठल्याशा गावच्या पोराने 'डूकी' ऐकून गिटार हातात धरली असेल, तर त्याच्यापुरते काम झाले.

वॉशिंग्टनच्या फुगाझींना या दोन्ही पंथांनी कुठे बसवायचे ते ठरवावे. कार्यक्रमाचे तिकीट होईल तितके पाच डॉलरच्या आसपास, लहान पोरांनाही प्रवेश, मोठ्या कंपन्यांना नकार, सदऱ्यांवर नाव छापून विकायचे नाही. तरी हजारोंनी लोक येत. ते लोकप्रिय होते की नव्हते? याद्यांच्या कुठल्याच रकान्यात हे मावत नाही, म्हणून त्यांचा उल्लेख दोन ओळींत उरकला जातो.

आणि मुलींचे काय? स्लिट्स या बँडची आरी अप १९७६ साली चौदा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी या मुली क्लॅशबरोबर गावोगाव फिरल्या. एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन दातांना तार लावलेली, सोमाली बापाची आणि स्कॉटिश-आयरिश वंशाच्या आईची लेक. तिने बाजारी जगावर अशी गाणी लिहिली की भलेभले चपापले. लहान यादीत यांना जागा नसते, कारण तीनचार नावे आधीच पक्की असतात. माझ्या वर्गातल्या मुलींना हे कोणी सांगितलेले नाही. सदऱ्यावर रामोन्सचे गरुडचिन्ह मात्र त्यांच्यापैकी दोघींच्या आहे.

पिस्टल्सना २००६ साली अमेरिकेतल्या रॉक संगीताच्या मानमंदिरात दाखल करून घेण्यात आले. त्यांनी स्वहस्ते पत्र लिहून, आणि इथे छापता न येण्यासारखे शब्द वापरून, आम्ही येणार नाही असे कळवले. आले नाहीतच. समारंभात त्यांचे पत्र वाचून दाखवण्यात आले, आणि सत्कार उरकून घेण्यात आला.