चोवीसशे वर्षांचा बांध

“द्राक्षबागेचे कर्ज डोक्यावर असताना जहाजात बसून परमुलूख बघायला जायचे म्हणजे काय?” असे आम्हांला गावात पुष्कळांनी विचारले. काहींनी तोंडावर विचारले, काहींनी पाठीमागे. तोंडावर विचारणाऱ्यांना आमच्या ह्यांनी एकच उत्तर दिले, “कर्ज बागेचे आहे, ते बाग फेडील. ही सहल भिशीची आहे.”

ही भिशी तीन जोडप्यांची. एक आम्ही, दुसरे शेजारचे अण्णा आणि वहिनी, तिसरे निवृत्त मास्तर आणि बाई. भिशी नावालाच, नंबर कुणाचाच लागत नसे. सहा वर्षे दरमहा पैसे बँकेत एकत्र पडत गेले. गोडी छाटणी सुरू व्हायच्या आत, गेल्या सप्टेंबरात, आठ दिवसांची सवड काढून आम्ही निघालो. गुरांची धार धाकट्या दिरांकडे आणि घराची किल्ली जाऊबाईंकडे सोपवली.

अण्णांचे एक सांगून ठेवते. त्यांची चार एकर आमच्या रानाला लागून. दोघांच्या मधला बांध एकच. त्या बांधापायी आमचे मामंजी आणि अण्णांचे वडील अकरा वर्षे एकमेकांशी बोलले नव्हते. तीनदा मोजणी झाली, तीनदा खुणा हलल्या. पुढच्या पिढीने ते मिटवले. आता अण्णांचा मुलगा पुण्याला नोकरीत आहे. जमीन विकावी म्हणून त्याने गिऱ्हाईकही आणले होते. “परत आल्यावर इसाराचे बोलू,” एवढे सांगून अण्णा विमानात बसले. वाटेत त्यांनी तो विषय काढला नाही आणि आम्हीही काढला नाही.

आम्ही गेलो तो देश क्रोएशिया. १९९१ पर्यंत तो युगोस्लाव्हियात होता. टिटोंचे नाव आपल्या जुन्या मंडळींच्या कानावरून गेलेले असेल. भूमध्य समुद्राचा एक लांबट फाटा इटली आणि क्रोएशिया यांच्या मधून वर घुसला आहे, तो एड्रियाटिक समुद्र. क्रोएशियाच्या किनाऱ्याला हजाराच्या वर बेटे आणि खडक आहेत. दक्षिणेला दुब्रोवनिक शहरात जहाजात चढायचे, रोज एक बेट पाहायचे आणि आठवड्याने स्प्लिट शहरात उतरायचे, असा आमचा मार्ग होता.

जहाज म्हटले की तीन-चार हजार माणसांचे तरंगते गाव डोळ्यांपुढे येते. आमचे तसे नव्हते. छत्तीस प्रवासी, अठरा खोल्या, वर बसायला गच्ची. मालकच कप्तान, त्याचा भाऊ इंजिनावर. अशी बरीच जहाजे स्प्लिटजवळच्या क्रिलो गावच्या कुटुंबांची आहेत. त्यांचे बापजादे लाकडी जहाजांतून वाळू वाहत. वाळूचे काम सुटले तसे त्यांनी पाहुणे वाहायला घेतले.

सकाळी न्याहारी, दुपारी जेवण, मध्येच एखाद्या शांत खाडीत नांगर टाकून पोहायला सवड, संध्याकाळी बंदर. आमच्यातले फक्त मास्तर पोहले; विहिरीत शिकलेले पोहणे समुद्रातही उपयोगी पडले. तिथे भरती-ओहोटीचा फरक एक-दोन वितींचा. आपल्या कोकणात पाणी पुरुषभर आणि त्याहूनही जास्त चढते, उतरते. त्यामुळे तिथली घरे पार पाण्याच्या कडेला उंबरा ठेवून उभी आहेत, याचे वहिनींना फार नवल वाटले.

बंदरे लहान. धक्क्याला एक जहाज लागते, त्याला चिकटून दुसरे, त्याला तिसरे. आमचे चौथे असले की किनारा गाठायला तीन परक्या जहाजांच्या ओसरीवरून चालत जायचे. तिथे लोक गप्पा मारीत बसलेले. वहिनी पदर खोचून प्रत्येकाला नमस्कार करीत पुढे जायच्या. तिसऱ्या दिवसापासून ते लोकही हात जोडू लागले.

दुब्रोवनिकच्या तटबंदीत फिरताना एक गोष्ट कळली. साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना शहरात घेण्याआधी तीस दिवस बाहेर थांबवायचे, असा कायदा या शहराने १३७७ साली केला होता. करोनाच्या दिवसांत गावच्या शाळेत चौदा दिवस काढलेल्या आमच्या ह्यांनी तिथे कान पकडले.

पुढचे बेट म्ल्येत. पाइनची दाट झाडी, आत समुद्राचे पाणी शिरलेली दोन तळी. आम्ही हिंदुस्थानातले म्हटल्यावर वाटाड्या हसला. “तुमचे पाहुणे इथे शंभर वर्षे राहून आहेत,” म्हणाला. ते पाहुणे म्हणजे मुंगूस! बेटावर विषारी साप फार, म्हणून १९१० साली ऑस्ट्रियाच्या राज्यात आपल्याकडच्या लहान जातीची मुंगसे तिथे सोडली. सापांचा सुळसुळाट संपला. मग मुंगसे पाखरांवर आणि कोंबड्यांवर वळली. वहिनी लगेच म्हणाल्या, “साप संपले म्हणून मुंगूस उपाशी थोडेच राहील? हे खुराडे राखणाऱ्या बाईला विचारले असते तर तिने आधीच सांगितले असते.”

कोर्चुला बेटावर लुम्बार्डा गावी रेताड जमिनीत ‘ग्र्क’ नावाचे पांढरे द्राक्ष पाहिले. त्याच्या फुलाचे मादीचे अंगच तेवढे कामाचे. म्हणून शेजारी ‘प्लावात्स माली’ नावाचा काळ्या द्राक्षाचा वेल लावावा लागतो, तेव्हा फळ धरते. पपईचे नर-मादी आपण जाणतो. पण द्राक्षालाही शेजारी लागतो, हे आमच्या ह्यांनी वहीत टिपून घेतले.

मग ह्वार बेट आले. खरे सांगायचे ते इथले.

या बेटावर स्तारी ग्राद नावाचे गाव आहे. त्या नावाचा अर्थच जुने गाव. इसवी सनापूर्वी ३८४ साली ग्रीसच्या पारोस बेटावरून आलेल्या लोकांनी ते वसवले. गावामागच्या सपाट रानाची त्यांनी मोजणी केली आणि सरळ रेषांत तुकडे पाडले. एकेक तुकडा सुमारे १८० मीटर रुंद आणि ९०० मीटर लांब, म्हणजे आपल्या हिशेबाने चाळीस एकर. पुढे त्यांचे आतल्या आत वाटे झाले, पण मूळ आखणी आजही तीच आहे. त्याच रेषांवर दगडी बांध आहेत, मधून त्याच वाटा जातात, आणि पीकही तेच: द्राक्ष आणि ऑलिव्ह. चोवीसशे वर्षे हे रान असे कसले जाते, म्हणून युनेस्कोने २००८ साली त्याला जागतिक वारसा ठरवले.

बांध म्हणजे मातीचा उंचवटा नव्हे. रानातले दगड वेचून काढायचे आणि कडेला रचायचे. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. एका कामात दोन कामे: रानही साफ झाले आणि हद्दही झाली. असे कोरडे दगड रचण्याच्या कलेला क्रोएशियासह आठ देशांच्या नावे युनेस्कोने २०१८ साली मान दिला. बांधाच्या कडेला दगडाचीच गोल खोपटी असतात. पाऊस आला की शेतकरी त्यांत शिरतो. द्राक्षाला मांडव नाही, तारा नाहीत. वेल कंबरेच्याही खाली, वाकूनच काढणी करायची.

या रानात एक हद्दीचा दगड सापडला आहे. त्यावर ग्रीक अक्षरांत शेतकऱ्याचे नाव आणि त्याच्या बापाचे नाव कोरलेले आहे. मास्तरांनी हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, “म्हणजे सातबाराच की!” मग ते बांधाजवळ गेले, वाकून वरच्या दगडावर हात ठेवला आणि एका डोळ्याने बांधाची रेघ लांबवर पाहिली. मोजणीदार पाहतो तशी. “कुणी सरकवलेला दिसत नाही,” म्हणाले.

हे म्हणाले, “अण्णा, आपल्या दोघांच्या वडिलांना इथे आणायला हवे होते.”

पलीकडे एक म्हातारे जोडपे द्राक्षे काढत होते. वाटाड्याने ओळख करून दिली. आम्हीही द्राक्षवालेच म्हटल्यावर म्हातारीने एक घड आमच्या हातात दिला. मणी बारीक, जाड सालीचे, पण गोड. त्यांची मुलगी स्प्लिटला असते. सुट्टीत येते, एक दिवस द्राक्षे काढते, दुसऱ्या दिवशी पोहायला जाते. शेजारच्या तुकड्यात मात्र बांध जिथल्या तिथे, आणि आत नुसती झुडपे माजलेली. अण्णांनी विचारले, “हे रान कुणाचे?” म्हाताऱ्याने हात उडवले. वाटाड्याने सांगितले, “कागदावर पुष्कळ नावे आहेत. काही ऑस्ट्रेलियात, काही चिलीत. विकायला सगळ्यांच्या सह्या लागतात आणि कसायला कुणी येत नाही.”

हे एका दिवसात झाले नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेली फायलोक्सेरा नावाची कीड युरोपात पसरली. ती द्राक्षाच्या मुळ्यांवर जगते. आधी फ्रान्सच्या बागा बसल्या, तेव्हा इकडच्या मालाला सोन्याचा भाव आला आणि लोकांनी डोंगर फोडून वेली लावल्या. मग कीड इकडेही आली. बागा वाळल्या आणि घरेच्या घरे जहाजात बसून परदेशी गेली. न्यूझीलंडात गेलेल्यांनी जमिनीत गाडला गेलेला झाडांचा डिंक खणून पोट भरले. उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम बांधण्याचा, कारण त्या मुळ्या कीड सोसतात. आपणही द्राक्षाला डॉगरिजचा खुंट वापरतो, तोही अमेरिकेचाच. आपण तो खारवट पाणी आणि पाण्याची टंचाई यांसाठी घेतला, त्यांनी किडीसाठी. खुंट मिळाला तोवर माणसे गेली होती. जी राहिली त्यांच्या पुढच्या पिढीला पाहुण्यांना खोल्या देण्याचा धंदा सोपा वाटला. त्यांना दोष कसा द्यावा? आम्हीही त्यांचे पाहुणेच होतो.

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. वर गच्चीवर बसून राहिले. वहिनी मला हळूच म्हणाल्या, “बांध कुणी कोरला तर माणूस भांडायला तरी उठतो. इथे भांडायलाही कुणी नाही, हे ह्यांना लागले आहे.”

शेवटी स्प्लिट. डायोक्लेशियन नावाचा रोमन बादशहा या भागातला. ३०५ साली त्याने आपण होऊन गादी सोडली आणि इथे वाडा बांधून राहिला. आजही त्या वाड्याच्या भिंतींच्या आत लोक राहतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. परत गादीवर बसा म्हणून लोक विनवायला आले, तेव्हा त्याने म्हणे आपण लावलेल्या भाजीचे कौतुक सांगून त्यांना वाटेला लावले. ती भाजी कोबी होती, असे सांगतात. बाजारात कोबीचे गड्डे पाहून अण्णा आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळे हसले. “त्याला कोबीचा भाव विचारावा लागला नसणार,” म्हणाले. तिथेच आम्ही सोपार्निक खाल्ले. पातळ पोळीच्या दोन पदरांत चार्ड नावाची पालेभाजी घालून चुलीच्या निखाऱ्यांत भाजतात, वर तेल-लसूण. बाईंनी डब्यातला ठेचा काढला आणि सगळ्यांचे जेवण झाले.

कुणाला जायचे असेल तर थोडे सांगते. क्रोएशियात २०२३ पासून युरो चलन आणि शेंगेन व्हिसा चालतो. जहाजे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. रबरी तळाचे बूट न्यावेत; तिथल्या फरसबंद गल्ल्या पायांनी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. दक्षिणेचा ‘युगो’ वारा सुटला की जहाज डोलते, म्हणून सुंठ-साखर जवळ असू द्यावी. शाकाहारी असाल तर आधी कळवा.

परत आल्यावर अण्णांनी इसार घेतला नाही. मुलाला बोलावून एवढेच सांगितले की, मी आहे तोवर विकायची नाही, पुढचे तुझे तू ठरव. मुलगा रागावून गेला. दिवाळीत आला तेव्हा बोलला, पण जमिनीचे बोलला नाही. त्याचे काय होईल ते आज सांगता येत नाही. अण्णांच्याने आता सगळी बाग होत नाही, म्हणून त्यांची दोन एकर आम्ही निम्म्या वाट्याने करायला घेतली आहे.

दोन्ही बाजू आपल्याच हाताखाली आल्या, ट्रॅक्टर वळवायला सोपे पडेल, तेव्हा मधला बांध तेवढ्यापुरता काढावा का, असे ह्यांनी विचारले. अण्णांनी मान हलवली. “बांध राहू दे. पोरगा कधी आलाच, तर आपली बाजू कुठली हे त्याला विचारावे लागू नये.”

या पावसाळ्याच्या तोंडाला दोघांनी मिळून बांधावरचे ढासळलेले दगड पुन्हा रचले. तीन दिवस लागले. दोन्ही घरच्या न्याहाऱ्या बांधावरच गेल्या.