अर्ध्या वाट्याची शेती

दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी मन लावून शेती करीत नाही, असा बोल आपण पुष्कळदा ऐकतो. हा दोष त्या माणसाचा, की ज्या रीतीने जमीन त्याच्या हाती येते त्या रीतीचा? बंगालचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे ज्याला बटाईदार म्हणतात, तोच तिकडचा बर्गादार होय. जुन्या वहिवाटीप्रमाणे निम्मे पीक मालकाच्या घरी जाई. आता थोडा हिशेब करून पाहा. बर्गादाराने पदरचे 60 रुपये खतावर खर्चिले आणि त्यायोगे 100 रुपयांचे भात अधिक पिकले, तर त्याच्या वाट्याला आले 50. म्हणजे शेताला नफा आणि कसणाऱ्याला 10 रुपयांची खोट. तेव्हा खत न घालणे हाच त्याचा शहाणपणा ठरतो! शिवाय पुढल्या हंगामात जमीन आपल्याकडे राहील याची शाश्वती नाही. मग बांधबंदिस्ती कोणासाठी करावी?

तीनपैकी दोन वाटे कसणाऱ्याला मिळावेत, या मागणीसाठी तेथे 1946 साली तेभागा चळवळ झाली. पुढे कायदेही झाले. परंतु बर्गा ठरे तोंडी, आणि नोंदीचे नाव काढताच जमीन जाण्याची भीती. त्यामुळे बर्गादार गप्पच राहत. 1978 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने 'ऑपरेशन बर्गा' हाती घेतले, तेव्हा अधिकारीच गावोगाव गेले आणि संध्याकाळी सभा भरवून चौकशी करू लागले. पुढील काही वर्षांत सुमारे 14 लाख नावे लागली. बी, बैल, खत बर्गादाराचे असल्यास मालकाला चौथा हिस्सा, हे कायद्यात आधीच होते. आता ते मागण्याचे धैर्य आले. वरच्या हिशेबात 75 रुपये हाती येऊन 15 रुपये सुटू लागले.

नोंदणीमुळे पीक वाढले, असा निष्कर्ष अभिजित बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काढला आहे. त्याच काळात सुधारित बियाणे आणि कूपनलिकाही आल्या, म्हणून सारे श्रेय नोंदीला देणे मला पटत नाही. पण तिच्यावाचून त्या बियाण्यावर पैसा घालण्यास किती बर्गादार धजले असते?

हा हक्क वारसाकडे जातो, मालकी मात्र मिळत नाही. आणि नाव लागले ते बहुधा घरातील पुरुषाचे. गुडघाभर चिखलात रोपे लावणाऱ्या स्त्रीचे क्वचितच.