कॅमेरा आपला, कंपनी कुणाची?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही बौद्ध वस्तीत गेलात तर आज दोन-चार पोरं अशी हमखास भेटतात, ज्यांना कॅमेरा चालवता येतो, ड्रोन उडवता येतो, रात्रभर बसून एडिट करता येतं. १४ एप्रिलची मिरवणूक, ६ डिसेंबरचं अभिवादन, कलेक्टर कचेरीवरचा मोर्चा, हे सगळं तीच टिपतात, आणि बहुतेकदा फुकट. बाकीचे दिवस ती दुसऱ्याच्या कंपनीत रोजंदारीवर कॅमेरा धरतात. कारखान्याची फिल्म त्यांच्या हातून तयार होते, पण कोटेशन दुसऱ्याचं, बिल दुसऱ्याचं आणि गिऱ्हाईकही दुसऱ्याचं.

आमचं म्हणणं सरळ आहे. आंबेडकरी तरुणांनी कॅमेरामन होऊन थांबू नये, छोटी का होईना पण स्वतःची व्हिडिओ कंपनी काढावी. आणि चळवळीने या कंपन्यांचं नुसतं कौतुक न करता त्यांचं पैसे देणारं गिऱ्हाईक व्हावं.

या धंद्याला कोल्हापुरात काम आहे का? आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्र्यांना आणि मशीन शॉपना परदेशी खरेदीदाराला दाखवायला फिल्म लागते. साखर कारखाने, दूध संघ, सहकारी बँका यांना वार्षिक सभेसाठी लागते. कॉलेजांना प्रवेशाच्या हंगामात लागते, हॉस्पिटलांना वर्षभर लागते. दोन दिवसांचं शूटिंग, मालकाची मुलाखत, भट्टीतून ओतल्या जाणाऱ्या लोखंडाची दृश्यं, मराठी-हिंदी-इंग्रजी निवेदन, चार-पाच वेळा दुरुस्त्या, असं हे काम असतं. ते सिनेमासारखं झगमगीत नाही, पण तीन-चार घरं त्यावर चालू शकतात.

या शहराला याचा इतिहासही आहे. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला. त्याच कंपनीत काम शिकलेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि १९२९ साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ सुरू झाली. नोकरीत शिकायचं आणि मग स्वतःची कंपनी काढायची, हा मार्ग इथल्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवलेला आहे. पण ‘प्रभात’च्या भागीदारांत सीताराम कुलकर्णी हे सराफही होते, हे विसरू नका. कौशल्य चौघांचं होतं, त्याला पैशाची साथ मिळाली. आपल्या पोरांकडे कौशल्य आहे, सराफ मात्र नाही.

आणि नुसत्या पैशानेही भागत नाही. या धंद्यात काम जाहिरातीने मिळत नाही, ते ओळखीने मिळतं. कारखानदाराचा मेहुणा, बँकेच्या संचालकाचा वर्गमित्र, क्लबातला पाहुणा, अशा साखळीतून फोन जातो. या साखळीत आपलं आडनाव कुठे असतं? जात इथे ‘तू नको’ असं तोंडावर सांगत नाही, ती फोनच येऊ देत नाही. म्हणून ‘गुणवत्ता असेल तर काम मिळेल’ हा उपदेश आम्हाला कुणी करू नये. लंडनमधलं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांबाबत सल्ला देणारी एक छोटी फर्म काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईकं तुटली आणि फर्म बंद पडली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाची गुणवत्ता कमी पडली होती का?

याच्या उलट उदाहरण याच शहरात आहे. सार्वजनिक पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना राजर्षी शाहू महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली. त्यांच्या हातचा चहा प्यायला गावातलं कोण येणार होतं? महाराज स्वतः तिथे थांबून चहा पीत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. भांडवल देऊन ते मोकळे झाले नाहीत, ते सर्वांसमोर गंगारामांचं गिऱ्हाईक झाले. दलित उद्योजकतेवर आज जी भाषणं होतात त्यांत कर्जाचा उल्लेख फार आणि गिऱ्हाइकाचा कमी असतो. कर्ज मिळालं आणि काम मिळालं नाही, तर कॅमेरा हप्त्यात जातो.

मग काम आणायचं कुठून? पहिला मार्ग कायद्याचा आहे. केंद्र सरकारच्या २०१२च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीचा २५ टक्के भाग सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यायचा आहे आणि त्यात ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांचा आहे. या खरेदीत सेवाही येतात. पण त्यासाठी आधी कंपनी कागदावर हवी. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला फी लागत नाही. ‘माझा मित्र छान शूट करतो’ याला टेंडरमध्ये किंमत नसते, नोंदणी क्रमांकाला असते.

नोंदणीचा दुसरा फायदा वसुलीत होतो. छोट्या व्हिडिओ कंपन्यांना काम नसण्याइतकंच अडकलेलं बिलही मारतं. एक लाखाचं काम केलं तर १८ हजार जीएसटी लागतो, आणि गिऱ्हाइकाने पैसे देवोत न देवोत, बिल फाडलं की तो भरावा लागतो. पण २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. ही कलमं पाठ करा. निम्मे पैसे आगाऊ घ्या, आणि उरलेले हातात पडल्याशिवाय अंतिम फिल्म देऊ नका.

करारही लेखीच करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन करवून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. आपण शूट केलेलं फुटेज पुढे दहा ठिकाणी वापरलं जातं आणि आपल्याला पत्ताही नसतो, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

दुसरा मार्ग चळवळीचा आहे, आणि इथे आम्हाला आपल्याच माणसांशी भांडायचं आहे. जयंती मंडळ डीजेला, मांडववाल्याला, बॅनरवाल्याला रोख पैसे देतं. व्हिडिओवाल्या पोराला मात्र सांगतं, ‘समाजाचं काम आहे, पैसे कसले मागतोस?’ आपल्या शिक्षणसंस्था, पतसंस्था, डॉक्टर, वकील, दुकानदार यांना फिल्म करायची वेळ आली की तेही बाहेरच्या कंपनीकडे जातात आणि आपल्या पोराकडून सवलत मागतात. ‘मूकनायक’साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नव्हती. आपलं माध्यम पैशाशिवाय उभं राहत नाही आणि दुसऱ्याच्या माध्यमात आपल्याला विकतचीही जागा मिळत नाही, हे १९२०चं सत्य आजही तसंच आहे. म्हणून मोर्चाच्या खर्चात व्हिडिओचा आकडा लिहा. तो छोटा असला तरी चालेल, पण शून्य नको.

काही कॉम्रेड विचारतील, भांडवलदाराच्या कारखान्याचं गुणगान करणं हे आंबेडकरी काम आहे का? १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन्ही शत्रूंवर बाबासाहेबांनी बोट ठेवलं होतं, ते आम्हालाही माहीत आहे. पण त्याच कारखान्यात रोजंदारीवर कॅमेरा धरताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, मालक व्हायचं म्हटलं की विचारला जातो. मजुरी केलेली चालते आणि मालकी चालत नाही, हा संस्कार कुठून आला याचा विचार करा.

तरीही प्रश्नात तथ्य आहे, म्हणून काही रेषा ओढाव्या लागतील. अपघात झाकणारी फिल्म करायची नाही. हातमोज्याशिवाय भट्टीसमोर उभ्या कामगाराला शूटिंगपुरते हातमोजे घालायला लावायचे नाहीत. कंपनीच्या सामाजिक निधीतून वह्या वाटताना आपल्या वस्तीतलं पोर मान खाली घालून हात पसरताना दाखवायचं नाही. २०२५ साली मिलानच्या मंचावर ‘प्राडा’ने कोल्हापुरीसारखी चप्पल आणली तेव्हा चप्पल जगाने पाहिली, ती घडवणारा चर्मकार कारागीर दिसला नाही. आपल्याकडच्या फिल्म्समध्येही असंच असतं. मालकाचा चेहरा आणि नाव दिसतं, कामगाराचे नुसते हात दिसतात. रोजंदारीवरचा कॅमेरामन हे बदलू शकत नाही, कारण फ्रेम ठरवण्याचा हक्क त्याचा नसतो. कंपनी चालवणारा निदान गिऱ्हाइकाला सांगू शकतो की या मोल्डरचं नाव पडद्यावर लिहू. गिऱ्हाईक नाही म्हणेल, कधी हो म्हणेल.

तेव्हा या जयंतीआधी प्रत्येक तालुक्यातल्या कॅमेरा येणाऱ्या पोरापोरींनी एकत्र बसावं. एकाचा कॅमेरा, दुसऱ्याचा कॉम्प्युटर, तिसरीची लेखणी, चौथीचा हिशोब असं जमवून भागीदारी पत्र करावं, उद्यम नोंदणी करावी, दरपत्रक छापावं. आणि पहिलं दरपत्रक आपल्याच जयंती मंडळाच्या अध्यक्षांच्या हातात द्यावं.

जय भीम!